विखुरलेला वारा ग्रिडवर बसवताना

पृथ्वीविज्ञानात संशोधन करायचं म्हटलं की एक काम कधी ना कधी अंगावर येतंच. मोजमापं विखुरलेल्या जागी घेतलेली असतात आणि पुढच्या गणिताला हवा असतो सारख्या अंतराचा ग्रिड. हवामान केंद्रं कोणी आपल्या ग्रिडच्या सोयीने उभारत नाही. ती बंदराजवळ असतात, विमानतळावर असतात, कृषी महाविद्यालयाच्या आवारात असतात. मग आजूबाजूच्या केंद्रांवरून मधल्या जागांची किंमत आपण अंदाजाने भरतो. यालाच इंटरपोलेशन म्हणायचं.

तापमानासाठी हे बहुतेकांनी एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये केलेलं असतं. पण वारा, समुद्राचा प्रवाह किंवा जीपीएसने मोजलेलं जमिनीचं सरकणं या सदिश राशी आहेत. त्यांना किंमत आहे आणि दिशाही आहे. "म्हणजे तेच काम दोनदा करायचं ना?" हा प्रश्न ज्युनिअर मंडळींकडून हमखास येतो. कधी कधी उत्तर खरोखरच "हो" असतं. पण त्या ग्रिडवरून पुढे काही काढायचं असेल, म्हणजे हवा कुठे गोळा होतेय, कुठे वर चढतेय, कुठे गरगरतेय, तर मात्र प्रकरण वेगळं होतं. तिथे ग्रिड तुम्हाला वाऱ्याबद्दल सांगतोय की तुमच्या केंद्रांच्या मांडणीबद्दल, हे ओळखता आलं पाहिजे. लेखाचा विषय तेवढाच आहे.

उदाहरण आपण घरचंच घेऊ: कोकण किनारा आणि सह्याद्री. डहाणू, सांताक्रूझ, कुलाबा, अलिबाग, हर्णै, रत्नागिरी, वेंगुर्ला ही हवामान खात्याची किनाऱ्यावरची केंद्रं, आणि घाटावर महाबळेश्वर, पुणे, सातारा, कोल्हापूर. नकाशा डोळ्यासमोर आणा. किनाऱ्यावरची केंद्रं जवळजवळ एका ओळीत आहेत, उत्तरेकडून दक्षिणेकडे. त्यांच्या पश्चिमेला नुसता समुद्र. पूर्वेला पन्नास-साठ किलोमीटरवर डोंगराची भिंत. ही मांडणी लक्षात ठेवा, पुढे तीच त्रास देणार आहे.

आधी दिशेचं बघू

हवामानाच्या नोंदीत वारा वेग आणि दिशा असा लिहिलेला असतो, आणि दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती. उत्तरेचा वारा म्हणजे ३६० अंश, पूर्वेचा ९०, दक्षिणेचा १८०, पश्चिमेचा २७०. आता समजा एका केंद्रावर दिशा ३५० अंश आहे आणि शेजारच्या केंद्रावर १० अंश. दोन्हीकडे वारा उत्तरेचाच, किंचित डावी-उजवीकडे कललेला. बरोबर मधल्या बिंदूवर आकड्यांची सरासरी काढली तर येते १८०. म्हणजे थेट दक्षिणेचा वारा! दिशा हा गोल फिरणारा आकडा आहे, सरळ रेषेवरचा नाही, म्हणून तो तसाच इंटरपोलेट करता येत नाही.

उपाय सगळ्यांना माहीत असतो. वाऱ्याचे दोन घटक करायचे, पूर्वेकडे जाणारा भाग (यू) आणि उत्तरेकडे जाणारा भाग (व्ही). यू म्हणजे वेग गुणिले दिशेचा साइन, आणि त्याच्यापुढे उणे चिन्ह. व्ही म्हणजे वेग गुणिले दिशेचा कोसाइन, त्याच्यापुढेही उणे चिन्ह. उणे अशासाठी की दिशा "कुठून" अशी आहे आणि घटक "कुठे" असे आहेत. हे बरोबर जमलंय का ते तपासायची सोपी युक्ती म्हणजे मान्सूनचा वारा घालून बघणे. नैऋत्येचा, म्हणजे २२५ अंशांचा, सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा. यू आणि व्ही दोन्ही अधिक ७.०७ आले पाहिजेत, कारण तो वारा ईशान्येकडे चाललेला आहे. उणे आले तर तुमचा मान्सून अरबी समुद्राकडे परत निघालाय. वरच्या ३५० आणि १० अंशांच्या उदाहरणात, वेग दोन्हीकडे ५ धरला, तर घटकांच्या सरासरीवरून वारा थेट उत्तरेचा आणि वेग ४.९२ असा येतो. हे पटण्यासारखं आहे.

पण तो वेग ५ चा ४.९२ कसा झाला? इथे बरेच जण थबकतात. घटकांची सरासरी काढली की दिशेत जितका फरक तितका वेग घटतो. दोन वारे एकमेकांशी काटकोनात असतील आणि दोन्हींचा वेग १० असेल, तर मधल्या बिंदूवर ७.०७. अगदी समोरासमोर असतील तर शून्य. हे चूक आहे का? ते तुम्ही काय विचारताय यावर आहे. हवा किंवा बाष्प किती वाहून गेलं हे काढायचं असेल तर हेच बरोबर, कारण समोरासमोरचे वारे खरोखरच एकमेकांना छेद देतात. पण पवनचक्कीची वीज काढायची असेल तर वेगाचा घन लागतो, आणि तिथे दिशेशी देणंघेणं नसतं. मग वेग वेगळा इंटरपोलेट करावा लागतो, आणि तोही सांभाळून. एका केंद्रावर ४ आणि दुसऱ्यावर १२ असेल तर मधला वेग ८ येतो आणि ८ चा घन ५१२. पण दोन्ही घनांची सरासरी आहे ८९६. आधी सरासरी की आधी घन, एवढ्या क्रमाने उत्तर जवळजवळ पावणेदोन पट बदलतं. समुद्रपृष्ठावरचा वाऱ्याचा ताण काढताना वर्ग येतो, तिथेही हाच पेच आहे. क्रम कोणता घेतला ते थीसिसमध्ये एका ओळीत लिहा. परीक्षक विचारतातच.

नोंदींची साफसफाई करताना एक बारीक गोष्ट. हवामानाच्या संकेतांमध्ये वारा शांत असेल तर दिशा शून्य लिहितात आणि उत्तरेचा वारा असेल तर ३६० अंश. म्हणजे शून्य ही दिशा नाही, "दिशा नाही" अशी खूण आहे. घटक काढताना वेग शून्य असल्याने ती निमूट निघून जाते. पण दिशा अस्थिर असल्याची नोंद असेल तर वेग आहे आणि दिशा नाही, अशी पंचाईत होते. अशी नोंद घटकांसाठी वापरता येत नाही. ती गाळा आणि किती गाळल्या ते मोजा. वेगाचं एककही बघून घ्या. कुठे नॉट असतो, कुठे ताशी किलोमीटर. एक नॉट म्हणजे सेकंदाला ०.५१४ मीटर.

अंतराचंही तसंच. अक्षांश-रेखांशाचे अंश थेट अंतर म्हणून वापरू नका. आपल्या अक्षांशावर एक अंश रेखांश साधारण १०५ किलोमीटर भरतो आणि एक अंश अक्षांश साधारण १११. फरक पाचेक टक्के, म्हणून कोकणात कोणाच्या लक्षात येत नाही. ६० अक्षांशावर तोच एक अंश रेखांश निम्मा होतो. आधी किलोमीटरमध्ये प्रक्षेपण करा आणि मग पुढे जा.

आता पद्धती

सर्वात जवळच्या केंद्राची किंमत उचलून ठेवणं ही पद्धत नकाशासाठी टाकाऊ आहे, पण ती एकदा चालवून ठेवा. तुमची भारी पद्धत तिच्यापेक्षा किती चांगली आहे हे शेवटी सांगावं लागतं.

दुसरी लोकप्रिय पद्धत म्हणजे अंतराच्या व्यस्त प्रमाणात वजन देणं. डोनाल्ड शेपर्डने ती १९६८ मध्ये मांडली, तेव्हा तो हार्वर्डमध्ये पदवीचं शिक्षण घेत होता. समजायला सोपी, लिहायला दहा ओळी. पण तिचा एक गुणधर्म पाठ्यपुस्तकात एखाद्या कोपऱ्यात असतो आणि सदिशांसाठी तो जीवघेणा आहे. वजनाचा घातांक एकापेक्षा मोठा घेतला (आणि सगळे दोनच घेतात) तर प्रत्येक केंद्राच्या जागी पृष्ठभाग सपाट होतो. म्हणजे तिथला उतार शून्य. तापमानाच्या नकाशात याने केंद्राभोवती बैलाच्या डोळ्यासारखी वर्तुळं दिसतात, लोक हसून सोडून देतात. पण वाऱ्याच्या ग्रिडवरून तुम्ही उतार काढणार आहात. हवा एकवटते की पांगते हे ठरतं यू पूर्वेकडे कसा बदलतो आणि व्ही उत्तरेकडे कसा बदलतो यावरून. या दोन उतारांची बेरीज म्हणजे डायव्हर्जन्स. मग जिथे तुम्ही प्रत्यक्ष मोजलंय, नेमकं तिथेच डायव्हर्जन्स शून्य येणार, वारा काहीही असो! म्हणजे ज्या जागेबद्दल सर्वात जास्त माहिती आहे, त्या जागेबद्दलच पद्धत ठाम खोटं बोलते.

या पद्धतीची दुसरी खोड म्हणजे गर्दीला मिळणारं वजन. मुंबईत पाच स्वयंचलित केंद्रं आहेत आणि दुसऱ्या बाजूला एकटं अलिबाग आहे असं धरा. मधल्या बिंदूला मुंबईची पाच मतं मिळतात, अलिबागचं एक. पण ती पाच केंद्रं जवळजवळ एकच गोष्ट पाच वेळा सांगताहेत.

तिसरी पद्धत त्रिकोणांची. केंद्रं जोडून डेलोने त्रिकोण पाडायचे (बोरिस डेलोने, १९३४) आणि प्रत्येक त्रिकोणात सपाट तिरपी पाटी टाकायची. सायपायच्या ग्रिडडेटात "लिनिअर" लिहिलं की हेच होतं. पद्धत प्रामाणिक आहे: मोजलेल्या किमती तशाच राखते आणि मधे नवे चढउतार शोधून काढत नाही. वाऱ्याचे बाण काढायचे असतील तर मी अजूनही आधी हीच चालवते.

पण तिच्यावरून डायव्हर्जन्सचा नकाशा काढा. सपाट पाटीचा उतार सगळीकडे सारखाच असतो, म्हणून एका त्रिकोणात डायव्हर्जन्सची एकच किंमत येते आणि त्रिकोणाची कड ओलांडली की ती उडी मारते. ग्रिड १ किलोमीटरचा घेतलात तरी नकाशावर दिसणार आहेत त्रिकोणच. मग कोणीतरी सुचवतं, "क्युबिक करून बघ, छान गुळगुळीत येईल." येतो. त्रिकोण पुसले जातात, पण माहिती वाढत नाही. फक्त ती कुठून आली ते दिसेनासं होतं. मला स्वतःला खरबरीत पण खरा नकाशा बरा वाटतो, निदान पहिल्या सहा महिन्यांत.

एका त्रिकोणाला एकच किंमत ही कल्पना खरं तर जुनी आणि उपयोगाची आहे. १९४९ मध्ये जॉन बेलामी यांनी तीन केंद्रांच्या वाऱ्यावरून त्या त्रिकोणाचा डायव्हर्जन्स काढायची पद्धत दिली. तिथे ग्रिडच नाही. किंमत त्रिकोणाची आहे, बिंदूची नाही, हे त्यात उघड आहे.

आता कोकणाची ओळ आठवा. किनाऱ्यावरची केंद्रं एका रेषेत असली की त्यांच्यातले त्रिकोण लांबट, सुईसारखे होतात. सुईच्या लांबीच्या दिशेने उतार नीट कळतो. आडव्या दिशेने दोन-पाच किलोमीटरच्या रुंदीवरून काढावा लागतो आणि मोजमापातली बारीकशी चूक प्रचंड मोठी होते. आपल्याला मात्र नेमकी तीच आडवी दिशा हवी असते, समुद्राकडून जमिनीकडे. म्हणून त्रिकोण पाडल्यावर पहिलं काम म्हणजे ते काढून बघणं आणि फार चिंचोळे त्रिकोण बाद करणं. त्यांचा सर्वात लहान कोन मोजलात तरी पुरतं.

समुद्राच्या बाजूला आणखी एक फरक पडतो. सगळ्या केंद्रांना बाहेरून रबरबँड लावलं तर जो भाग आत येतो, त्याच्या बाहेर ग्रिडडेटाची लिनिअर पद्धत काहीच देत नाही, रिकामी जागा सोडते. हे चांगलं आहे. मॅटलॅबचं स्कॅटर्ड इंटरपोलंट मात्र लिनिअर ठेवल्यावर, न विचारता, बाहेरही तीच तिरपी पाटी पुढे ओढत नेतं. किनाऱ्यापासून २०० किलोमीटर आत समुद्रावर तुम्हाला सुबक बाण दिसतील आणि तिथे एकही मोजमाप नसेल. अरबी समुद्रावरचा वारा हवा असेल तर तो उपग्रहावरच्या स्कॅटरोमीटरकडून घ्या. २००९ मध्ये सोडलेल्या ओशनसॅट-२ वर असं आपलं स्वतःचं उपकरण होतं. पण तेही पट्ट्यापट्ट्यांनी मोजतं, दोन पट्ट्यांमध्ये वेळेचं अंतर असतं. म्हणजे विखुरलेपणा तिथेही आहेच, फक्त त्याचं रूप वेगळं.

किती बारीक ग्रिड?

हा प्रश्न विचारला की बहुतेक वेळा उत्तर येतं "मॉडेलचा जितका असेल तितका". मला वाटतं उत्तर आकड्यांतून काढावं.

अलिबाग आणि पुणे यांच्यात साधारण १०० किलोमीटर अंतर आहे. समजा अलिबागला पश्चिमेचा वारा सेकंदाला ८ मीटर आहे आणि पुण्याला ५. वाटेत सेकंदाला ३ मीटर कुठेतरी "हरवले". ३ भागिले १,००,००० म्हणजे दर सेकंदाला एक लाखांश गुणिले तीन, इतका हवेचा जमाव. लहान आकडा वाटतो. पण जमिनीलगतच्या १ किलोमीटर जाडीच्या थरात इतका जमाव सगळीकडे असेल, तर थराच्या माथ्यावर हवा सेकंदाला ३ सेंटिमीटर वेगाने वर चढते, म्हणजे तासाला सुमारे १०८ मीटर. ढग बनतील की नाही, यावर बोलायला एवढं पुरेसं आहे.

आता चूक धरा. प्रत्येक केंद्रावर वाऱ्याच्या घटकात १ मीटरची अनिश्चितता आहे असं समजू. (केंद्राशेजारी झाड किंवा इमारत असली तर एवढी सहज होते.) फरकातली अनिश्चितता होते १.४ मीटर. म्हणजे आपला ३ आता ३ अधिक-उणे १.४ झाला. हवा वर चढतेय हे म्हणता येतं, किती ते जेमतेम.

आणि केंद्रं एकमेकांपासून २० किलोमीटरवर असती तर? चूक तीच १.४, पण भागाकार २०,००० ने. अनिश्चितता दर सेकंदाला एक लाखांश गुणिले सात. आपण शोधत असलेल्या ३ च्या दुप्पटीहून जास्त. केंद्रं जवळ आणली की डायव्हर्जन्स जास्त नेमका कळेल असं मनाला वाटतं, पण एका जोडीपुरतं उलटं होतं. जवळच्या केंद्रांचा फायदा घ्यायचा तर त्यांची आपसात सरासरी होऊ द्यावी लागते, म्हणजेच बारकावा सोडावा लागतो.

दुसरी मर्यादा तुमच्या चुकीमुळे नाही, अंतरामुळे आहे. केंद्रं १०० किलोमीटरवर असतील तर २०० किलोमीटरपेक्षा लहान लाटा त्यांना दिसूच शकत नाहीत. ५ किलोमीटरचा ग्रिड घेतल्याने त्या उगवत नाहीत. बारीक ग्रिड घ्यायला हरकत नाही, मॉडेलला तो लागतो. फक्त नकाशावर १५ किलोमीटरचं भोवऱ्यासारखं काही दिसलं, तर ते निसर्गाचं नाही एवढं माहीत असू द्या.

सह्याद्रीने हे आणखी अवघड केलंय. हर्णै समुद्रसपाटीला, महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर, आणि दोघांमध्ये सपाट अंतर सुमारे ६० किलोमीटर. दोन्हीकडे वारा जमिनीपासून १० मीटरवर मोजलाय, म्हणून नोंदवहीत दोन्ही सारखेच दिसतात. पण तो एकाच क्षेत्राचा वारा आहे का? कोणतीही इंटरपोलेशन पद्धत मनात धरते की मधे बदल हळूहळू झाला. घाटात तो हळूहळू होत नाही. पायथ्याशी वारा अडतो, खिंडीत घुसतो, माथ्यावर सुसाटतो. इथे हुशार सूत्र कामाला येत नाही. एक तर कोकण आणि देश वेगवेगळे ग्रिड करा, नाही तर डोंगर ज्याला माहीत आहे अशा मॉडेलचा वारा पाया म्हणून घ्या आणि केंद्रांवरून फक्त त्यातला फरक इंटरपोलेट करा. दुसरा मार्ग नवा नाही. १९५५ मध्ये बर्गथोर्सन आणि डूस यांनी आणि १९५९ मध्ये जॉर्ज क्रेसमन यांनी हेच केलं होतं: आधीच्या अंदाजाचं क्षेत्र घ्यायचं आणि मोजमापांनी ते टप्प्याटप्प्याने दुरुस्त करायचं. १९६४ ची स्टॅन्ली बार्न्स यांची पद्धतही त्याच घराण्यातली. तिच्यात वजन अंतरासोबत घंटेच्या आकाराने उतरतं, आणि किती अंतरापर्यंत गुळगुळीत करायचं ते तुम्ही ठरवता. म्हणूनच ती मला आवडते, तडजोड लपवत नाही.

यू आणि व्ही एकमेकांना ओळखतात का?

इथपर्यंत आपण दोन्ही घटक वेगवेगळे चालवले. आता त्यातली खरी गोम.

एक चाचणी सांगते, अर्ध्या तासात होते. तुमचे सगळे वारे ४५ अंशांनी फिरवलेल्या अक्षांवर मांडा, म्हणजे पूर्व-उत्तरऐवजी ईशान्य-वायव्य असे घटक काढा. तीच पद्धत चालवा. आलेला ग्रिड परत पूर्व-उत्तर करा. आधीच्या ग्रिडशी जुळतो का? जुळायलाच हवा, कारण वाऱ्याला आपले अक्ष माहीत नसतात. दोन्ही घटकांना सारखीच वजनं लावली असतील (त्रिकोण, शेपर्ड, एकाच त्रिज्येचं बार्न्स) तर जुळतो. पण यूसाठी एक व्हेरिओग्राम बसवला आणि व्हीसाठी दुसरा, असं स्वतंत्र क्रिगिंग केलं असेल, तर जुळत नाही. म्हणजे उत्तर निसर्गावर नाही, उत्तर दिशा कुठे आखली त्यावर अवलंबून राहिलं. प्रत्येक घटक स्वतंत्रपणे "सर्वोत्तम" बसवणं सदिशासाठी सर्वोत्तम नसतं.

योग्य रीतीने करायचं तर दोन घटकांचं नातं सांगावं लागतं. लेव गांदिन यांनी १९६३ मध्ये लेनिनग्राडहून प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात याची चौकट दिली. हवामानशास्त्रात ती ऑप्टिमम इंटरपोलेशन म्हणून ओळखली जाते. खाणकामातून आलेलं क्रिगिंग तिचंच भावंड. कल्पना अशी: दोन जागांवरचे वारे अंतरानुसार किती सारखे असतात हे आधी ठरवायचं आणि वजनं त्यावरून काढायची. गर्दीची पाच मतं इथे आपोआप एक-दीड होतात, आणि प्रत्येक ग्रिडबिंदूवर अनिश्चितताही मिळते.

सदिशांसाठी "किती सारखे" हा एक आकडा राहत नाही. एखादा भोवरा कल्पून बघा. भोवऱ्याच्या एका बाजूला तुम्ही उभे, समोरच्या बाजूला मी. आपल्या दोघांना जोडणाऱ्या रेषेला आडवा जो वारा आहे, तो तुमच्याकडे एका दिशेने आणि माझ्याकडे बरोबर उलट्या. म्हणजे आडव्या घटकाचं नातं काही अंतरानंतर उणे होतं, रेषेच्या दिशेतल्या घटकाचं होत नाही. आता भोवऱ्याऐवजी एका बिंदूकडे सगळीकडून धावणारी हवा घ्या. इथे उलट: रेषेच्या दिशेतला घटक उणे होतो. कोणतंही वारा-क्षेत्र या दोन प्रकारांच्या बेरजेत मांडता येतं (हेल्महोल्ट्झ यांचं विघटन), आणि तुमच्या क्षेत्रात कोणता प्रकार किती, हे सांगितलं की यू आणि व्ही आपोआप एकमेकांशी बोलू लागतात.

याची किंमतही आहे. भूजलाचा किंवा न दाबल्या जाणाऱ्या द्रवाचा प्रवाह असेल तर "कुठेही जमाव नाही" ही अट पद्धतीतच घाला. कमी केंद्रांतही ग्रिड छान येतो. जमिनीच्या सरकण्यासाठी डेव्हिड सँडवेल आणि पॉल वेसल यांनी २०१६ मध्ये लवचिक पत्र्याचं गणित वापरून दोन घटक बांधले. ते जीएमटीमध्ये जीपीएसग्रिडर या नावाने मिळतं, आणि पायथनच्या व्हर्डेमध्येही तशी सोय आहे. पण हीच अट कोकणातल्या जमिनीलगतच्या वाऱ्यावर लादली तर? जो जमाव तुम्ही शोधायला निघालात तोच पद्धतीने आधीच शून्य करून ठेवला. निष्कर्षात "अभिसरण आढळले नाही" असं लिहिलं जाईल आणि ते खरंही असेल, फक्त वाऱ्याबद्दल नसेल. जोसेफ शेफर आणि चार्ल्स डॉसवेल यांनी १९७९ मध्ये वाऱ्याच्या इंटरपोलेशनवर लिहिताना याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं: घटक वेगवेगळे इंटरपोलेट केले की डायव्हर्जन्स आणि व्हॉर्टिसिटी बिघडतात, म्हणून त्याच राशी आधी काढून त्यांच्यावरून वारा परत उभा करा. मूळ लेख मिळवून वाचा, भाषा सोपी आहे.

तपासणी

एक केंद्र लपवायचं, बाकीच्यांवरून त्याचा वारा काढायचा, खऱ्याशी ताडून बघायचा, असं प्रत्येकासाठी करायचं. यू आणि व्हीची चूक वेगळी देऊ नका. दोन्ही चुकांचे वर्ग मिळवून मग सरासरीचं वर्गमूळ काढा, म्हणजे अक्षांचा संबंध राहत नाही. पण सावध. कुलाबा लपवलं तर पंचवीसेक किलोमीटरवरचं सांताक्रूझ त्याचं उत्तर जवळजवळ सांगूनच टाकतं, आणि तुमची पद्धत फार हुशार वाटते. तुमचे ग्रिडबिंदू मात्र घाटात आहेत, जिथे जवळ कोणी नाही. म्हणून गटाने लपवा: सगळी मुंबई एकदम, घाटमाथा एकदम. चूक वाढेल. तीच खरी आहे. आणि ती सर्वात जवळच्या केंद्राची किंमत उचलणाऱ्या त्या टाकाऊ पद्धतीपेक्षा कमी नसेल, तर पद्धत बदला.

फाइल साठवताना यू आणि व्हीसोबत आणखी तीन थर ठेवा: त्या बिंदूपासून सर्वात जवळच्या मोजमापाचं अंतर, किती केंद्रांचा हात लागला ती संख्या, आणि मिळत असेल तर अनिश्चितता. नकाशा काढताना ठरावीक अंतरापलीकडचे बाण पुसून टाका, मग चित्र भोकाभोकांचं दिसलं तरी चालेल. कोकणासाठी मी ही मर्यादा किनाऱ्याला समांतर दिशेने सैल ठेवते आणि आडव्या दिशेने घट्ट, कारण वारा किनाऱ्याच्या बाजूने सावकाश बदलतो आणि आडवा झपाट्याने. पुढच्या वेळी हीच कल्पना, म्हणजे गोल त्रिज्येऐवजी लंबगोल त्रिज्या, बार्न्सच्या पद्धतीत कशी घालायची ते आकडेमोडीसकट बघू.